भिंतीला हात

काकू गेल्याचं कळल्यावर सगळ्यात आधी आले ते खालच्या मजल्यावरचे बँकवाले. मी नुकतंच हॉस्पिटलातून परत येऊन काकांना खुर्चीत बसवलं होतं, त्यांच्या घशाखाली पाणी उतरवत होते. बँकवाले चेहरा घरूनच लावून आले होते. त्यांनी काकांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, खोलीच्या चारही भिंतींवरून सावकाश नजर फिरवली आणि खालच्या पट्टीत म्हणाले, "घर रिकामं झालं नाही, मोठं झालं."

मग बसले. चहा नको नको म्हणत घेतला. निघताना दाराशेजारच्या भिंतीवर उजव्या तळव्याने दोनदा थापटलं आणि मागे न बघता जिना उतरून गेले.

काकांनी मान डोलावली. मी त्यांच्याकडे बघितलं, तर त्यांनी नजर चुकवली.

चुकवणारच. हे वाक्य त्यांचं स्वतःचं होतं. भिंतीवर थापटणंही त्यांचंच.

माझे काका लेखक. त्यांच्या तिसऱ्या कादंबरीत एक जागेचा दलाल आहे. तो रोज सकाळी पेपरात कोण गेलं ते वाचतो आणि आंघोळ करून त्या घरी हजर होतो. घरच्यांचा हात हातात घेतो, भिंतींवरून नजर फिरवतो. ही नजर म्हणजे मापं घेणं: खोली किती बाय किती, खिडकी कुठल्या बाजूला. मग म्हणतो, घर रिकामं झालं नाही, मोठं झालं. घरच्यांना वाटतं केवढा धीर दिला. त्याला म्हणायचं असतं की माणसं कमी झाली, जागा वाढली, आता विकायला काढा. निघताना भिंतीवर थापटून बघतो, कारण आतून गिलावा पोकळ असेल तर भाव पाडता येतो. वाचणाऱ्याला त्या माणसाची किळस यावी आणि हसूही यावं, असं ते प्रकरण होतं. काकांनी लिहिलेल्यातलं ते सगळ्यात बरं. बाकीचं मला वाचवत नाही, हे मी त्यांना कधी सांगितलेलं नाही.

कादंबरी कोणी विकत घेतली नाही. उरलेल्या प्रती काकूच्या पलंगाखाली गेल्या आणि दर सफाईला काकू त्यांना शिव्या घालायची. मग पाठ्यपुस्तकाच्या समितीला सहानुभूतीवर एक धडा हवा होता. धडा दोन पानांत बसेना, म्हणून त्यांनी कात्री चालवली. पेपर गेला, मापं गेली, गिलावा गेला. दलालाचा 'एक गृहस्थ' झाला. धड्याचं नाव ठेवलं 'धीर'. खाली प्रश्न होता: गृहस्थाने भिंतीवर हात का ठेवला असेल? गाइडात उत्तर होतं: घरालाही दुःख होते, म्हणून गृहस्थ घराला धीर देतो.

संमतीचं पत्र आलं तेव्हा मी तिथेच जेवत होते. काका म्हणाले, "संदर्भच तुटतोय सगळा."

काकू म्हणाली, "मग नाही म्हणून कळवा."

काकांनी 'हो' कळवलं.

पोरांनी उत्तर पाठ केलं. पोरं मोठी झाली, नोकऱ्यांना लागली, आणि त्यांची माणसं मरायला लागली. अशा वेळी बोलायला काहीतरी लागतंच. स्वतःचं काही सुचण्याइतकं दुःख प्रत्येकाला होत नाही, आणि गप्प बसून राहायला हिंमत लागते. पाठ केलेलं मात्र जिभेवर तयार असतं. बघता बघता ते वाक्य घरोघर पोचलं, त्यामागून ती नजर आणि ते थापटणं. कुणी तरी ठरवलं, हात उजवाच पाहिजे. कुणी ठरवलं, थापटल्यावर मागे बघायचं नाही. ज्यांनी ठरवलं तेच पुढे सांगायला लागले की हे फार जुनं आहे.

भाषेत तर ते असं मुरलं की उपसून काढता येऊ नये. ऑफिसात लोक अर्ध्या दिवसाची रजा मागताना म्हणतात, "साहेब, भिंतीला हात लावायला जायचंय." जावा-जावांची भांडणं होतात, "माझा भाऊ गेला, साधा भिंतीला हात लावायला नाही आली." एखादी कंपनी बुडायला आली की माहीतगार लोक मान हलवून म्हणतात, आता तिच्या भिंतीला हात लावून यायला हरकत नाही. माझं फुलांचं दुकान आहे. पुष्पचक्राच्या फितीवर काय लिहू म्हणून मी गिऱ्हाईकाला आता विचारतसुद्धा नाही. फितीचं रीळच ते वाक्य छापून येतं.

आणि काका? सुरुवातीला चिडचिड करायचे. नंतर त्यांना सत्काराला बोलावणं यायला लागलं. शाल घ्यायची, माईकसमोर उभं राहायचं, डोळे किंचित मिटायचे आणि म्हणायचं, "हे वाक्य मला जगण्याने दिलं." टाळ्या. त्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवायला फार लोक लागत नसत. एक अध्यक्ष आणि एक माईक पुरे.

काकू अशा कार्यक्रमांना जात नसे. तिने उभा जन्म पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात तक्रारींच्या खिडकीमागे काढला होता. माणूस खिडकीशी येऊन काय बोलतो आणि त्याला खरं काय हवंय, हे तिला वाक्य पुरं व्हायच्या आत कळायचं. तिच्या पगारावर घर चाललं आणि काका लिहीत राहिले. कुठे कुणाकडे समाचाराला गेली आणि शेजारी कोणी 'घर मोठं झालं' म्हणालं, की ती शांतपणे विचारायची, "किती चौरस फूट?" लोक समजायचे, बाईला धक्का बसलाय. मी मात्र तोंड लपवून हसायची. ती हे गमतीने विचारते असंच मला वाटायचं.

ती गेली आणि विचारणारं कोणी राहिलं नाही.

बँकवाल्यांच्या मागून रांग लागली. शेजारी, लांबचे नातेवाईक, काकूच्या ऑफिसातल्या बायका, काकांचे वाचक म्हणवणारे, ज्यांनी त्या दोन पानांपलीकडे त्यांचं काही वाचलेलं नाही. प्रत्येकजण हात धरायचा, भिंतींवर नजर फिरवायचा आणि लेखकाला त्याचंच वाक्य असं ऐकवायचा, जसं काही त्याच्यासाठी वाटेत स्वतः घडवून आणलंय. एका बाईने तर आधी घसा साफ केला.

आत्याने, म्हणजे काकांच्या धाकट्या बहिणीने, दाराशी ठाण मांडलं होतं. तिला रीतभात फार. कुणाचा जरा पाय चुकला की ती टोकायची. काकूच्या ऑफिसातला शिपाई आला, काही न बोलता काकांसमोर बसला, रुमालात तोंड खुपसून ढसाढसा रडला आणि उठून चालायला लागला. तो अर्धा जिना उतरला असेल, तेवढ्यात आत्या ओरडली, "अहो, भिंत!"

तो बिचारा परत वर आला. गोंधळून भिंतीकडे बघितलं, एकदा थापटलं.

"दोनदा," आत्या म्हणाली.

मी म्हटलं, "आत्या, जाऊ दे ना त्यांना."

"तुझ्या काकांच्याच घरी पाळायचं नाही, तर कुठे पाळायचं?"

तिसऱ्या दिवशी दुपारी, एका लांबच्या मामांनी निघताना बूट चढवून जरा जोरात धीर दिला आणि दाराजवळचा गिलावा ताटाएवढा सुटून त्यांच्या बुटांवर पडला. एक बाई हुंदका देऊन म्हणाली, "घर रडलं हो!" झालं. जो तो तिची री ओढायला लागला. कोणी फोन काढून त्या भोकाचा फोटो घेतला. मामांना, बूट झटकत असतानाच, चार जणांनी मिठी मारली.

लोक गेल्यावर मी केरसुणी घेतली. काका त्या भोकाशी जाऊन उभे राहिले. बोटाने कडा खरवडली, तशी आणखी माती भुरभुर गळली. "आतून ओल धरली होती," ते म्हणाले. "दोन वर्षं ही सांगत होती, भिंत बघून घ्या म्हणून. एवढे लोक थापटून गेले, एकानेही ऐकलं नाही. पोकळ वाजत होती."

तीन दिवसांत ते पहिल्यांदाच एवढं बोलले. मला वाटलं, आता रडतील. ते हात धुवायला गेले.

शोकसभा ग्रंथालयाच्या हॉलमध्ये ठेवली होती. कुणी मागितली नव्हती. ग्रंथालयाच्या अध्यक्षांना एखाद्याच्या मरणाची बातमी लागली की हॉल आपोआप रिकामा होतो. हे अध्यक्ष त्या पाठ्यपुस्तकाच्या समितीत होते आणि कात्री त्यांच्याच हातात होती. काकूचा फोटो टेबलावर ठेवला होता, तिच्या ओळखपत्रावरचा, मोठा करून. त्यात ती फोटोग्राफरवर वैतागलेली स्पष्ट दिसत होती. समोर माझ्याच दुकानातली फुलं. मी फितीशिवाय पाठवली होती, तर अध्यक्षांनी दुसरीकडून फीत आणून बांधली.

अध्यक्ष बरंच बोलले. काकूबद्दल त्यांना काहीच माहीत नव्हतं, त्यामुळे कुठेही अडखळले नाहीत. "एका थोर वाक्याच्या त्या पहिल्या श्रोत्या," ते म्हणाले. "ज्या वाक्याने घराघराला धीर दिला, ते वाक्य प्रथम ज्या कानांवर पडलं, ते कान आज शांत झाले. पण मित्रहो, घर रिकामं झालं नाही..." इथे ते थांबले आणि हात पुढे केला. सगळा हॉल शाळेत म्हणतात तसा एका सुरात म्हणाला, "मोठं झालं."

काका उठले. यादीत त्यांचं नाव शेवटी होतं, पण ते चालत माईकपर्यंत गेले आणि अध्यक्षांना बाजूला व्हावं लागलं.

"पहिली श्रोती ती होती, हे बरोबर आहे," काका म्हणाले. डोळे उघडे होते. "पण मी तिला ऐकवलं नव्हतं. तिने मला सांगितलं. तिची आई गेली त्या दिवशी त्यांच्या घरी जागेचा एक दलाल आला होता. त्याने हिचा हात धरला, खोली डोळ्यांनी मोजली आणि हे वाक्य म्हणाला. तिला त्याच क्षणी कळलं तो काय म्हणतोय ते. तिने त्याला घराबाहेर काढलं. संध्याकाळी घरी आली तेव्हा रागाने थरथरत होती. मला म्हणाली, आई अजून आत आहे आणि हा माणूस भिंती वाजवून बघतो."

हॉलमध्ये कोणी तरी खोकलं.

"मी तिला जवळ घ्यायला हवं होतं. मी टेबलाशी जाऊन बसलो. शब्द विसरायच्या आत लिहून काढले. ते वाक्य तिच्या आईचा अपमान होता. मी पुस्तकात तो अपमान म्हणूनच लिहिला. तुम्ही त्यातला दलाल काढून टाकलात आणि मी काढू दिला, कारण धडा झाला की नाव होतं. आता तिच्याच घरात येऊन तुम्ही सगळे तिला तेच म्हणताय. भिंती वाजवताय. कृपा करून बंद करा. ज्यांना काही सुचत नाही, त्यांनी काही बोलू नका."

मी मागच्या रांगेत होते. 'किती चौरस फूट' आता कुठे माझ्या डोक्यात शिरलं. इतकी वर्षं मी त्याला हसत होते.

काका माईकपासून बाजूला झाले. क्षणभर मला खरंच वाटलं की आता काहीतरी होईल. कोणी तरी मान खाली घालेल. निदान एखाद्याला लाज वाटेल.

अध्यक्षांनी डोळे पुसले. माईक हातात घेतला. "बघा," ते भरल्या आवाजात म्हणाले, "पत्नीच्या वियोगाने हा माणूस आज आपल्या सर्वश्रेष्ठ वाक्याचं श्रेयही नाकारतोय. सगळं तिला देऊन टाकतोय! यापेक्षा मोठं प्रेम कोणतं?"

टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या वाजवू नयेत हेही कोणाला आठवलं नाही. काही लोक उभे राहिले.

चहाच्या वेळी काकांभोवती गराडा पडला. एका बाईने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, मनाला लावून घेऊ नका. तुम्ही म्हणता ते असेलही, पण आमच्याकडे हे माझ्या पणजोबांपासून आहे. तुमच्या त्या दलालानेच आमच्यासारख्या घरातून उचललं असणार."

"तुमचे पणजोबा भिंत वाजवायचे?" काकांनी विचारलं.

"वाजवायचे म्हणजे? त्याशिवाय उंबरा ओलांडायचे नाहीत."

एक शाळामास्तर वाट बघत उभे होते. ते काकांच्या कानाशी लागले. "सर, दलालाचा मुद्दा अभ्यासपूर्ण होता. फक्त मुलांपर्यंत पोचला नाही म्हणजे बरं. परीक्षेत कोणी तसं लिहिलं, तर मला गुण कापावे लागतील."

काकांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की मास्तर 'येतो' म्हणून चहा तसाच ठेवून निघाले. दाराशी गेले आणि हॉलच्या भिंतीवर त्यांनी दोनदा थापटलं. त्यांच्यामागे रांग होतीच. एकामागून एक सगळ्यांनी थापटलं. जाताना प्रत्येकाच्या चेहऱ्यावर समाधान होतं, कार्यक्रम छान झाल्याचं.

घरी आल्यावर आत्याने काकांना फैलावर घेतलं. "एवढे लोक आपला वेळ काढून आले, त्यांना तोंडघशी पाडलंस! आणि वहिनीची आई कशाला मध्ये आणलीस? चार लोकांत घरचं बोलतात का?"

"खरं होतं ते," काका म्हणाले.

"खरं होतं तर इतकी वर्षं शाली कशाला पांघरल्यास?"

आत्याला रीतभातीपलीकडे फारसं काही कळत नाही, पण हे तिचं बिनतोड होतं. पुढच्या आठवड्यात काकांनी समितीला धडा काढून टाकण्याबद्दल लिहिलं. लेखकाच्या मनःस्थितीबद्दल समितीला आदर आहे, असं उत्तर आलं. धडा राहिला. काकांनी सत्कारांना जाणं मात्र बंद केलं, आणि लोक म्हणायला लागले, बायको गेली आणि माणूस हलला. तेवढ्यावर सगळ्यांचं भागलं.

महिन्याभराने एका सकाळी मी दुकान उघडायच्या आधी त्यांच्याकडे डोकावले. त्यांनी चहा केला होता, कडू आणि गार. आम्ही स्वयंपाकघरात बसलो. ते बराच वेळ टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले.

"तुला एक विचारू?" ते म्हणाले. "ती तुझ्याशी काय बोलायची गं?"

"म्हणजे?"

"मला तिचं बोलणं आठवत नाही. एखादं वाक्य आठवतं, हायसं वाटतं, आणि मग लक्षात येतं की हे तर दुसऱ्या कादंबरीत आहे. किंवा त्या कथेत, विधवेच्या तोंडी. ती काय म्हणाली होती आणि मी नंतर काय सफाई केली, काही वेगळं करता येत नाही. सगळं माझ्यासारखं ऐकू येतं." ते कसनुसं हसले. "तू दुकानात तिच्याबरोबर तासन्‌तास बसायचीस. मी ज्याला हात लावलेला नाही, असं काहीतरी असेल."

असं होतं. दुकान सुरू केलं त्या सकाळी शटर वर करायचा मला धीर होत नव्हता, आणि काकू शेजारी उभी राहून माझ्या कानात एक वाक्य म्हणाली होती. ते तिच्याशिवाय दुसऱ्या कोणाला सुचलं नसतं. त्यानंतर आयुष्यात मला जेव्हा जेव्हा घाबरायला झालं, तेव्हा मी ते मनात म्हटलंय.

मला काकांची खरंच दया आली. मी सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांच्याकडे लक्ष गेलं. त्यांनी कप खाली ठेवला होता, पाठ ताठ झाली होती आणि मान किंचित तिरकी केली होती. महिनाभर विझलेले डोळे एकदम जागे झाले होते. टेबलाशी बसून लिहिताना ते असेच दिसायचे. त्यांना स्वतःला हे माहीत नसावं.

"विशेष काही नाही," मी म्हटलं. "गॅस बंद केलास का, असं विचारायची. आणि फुलांवर पाणी जास्त मारू नकोस म्हणायची."

"एवढंच?"

"एवढंच."

त्यांची पाठ पुन्हा वाकली. निराशा त्यांना लपवता आली नाही, आणि मी ती बघून न बघितल्यासारखं केलं. मग उठून त्यांनी दोन्ही कप मोरीत नेले, नळ सोडला आणि इकडे तिकडे बघत उभे राहिले. भांड्यांचा साबण कुठे असतो, हे त्यांना अजून माहीत नव्हतं.

"खालच्या कप्प्यात," मी सांगितलं आणि दुकान उघडायला निघाले.